खोली कोणाच्या नावावर आहे?

माझ्या जिल्ह्यात 'पुनर्वसन' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली नर्मदाकाठची ३३ गावं बुडिताखाली आली. तिथली काही माणसं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत उतरली, काहींनी डोंगर सोडायला नकार दिला आणि काहींची नावं वर्षानुवर्षं कुठल्याच यादीत आली नाहीत. 'घोषित' आणि 'अघोषित' प्रकल्पग्रस्त हे शब्द आमच्याकडे तहसील कचेरीबाहेर चहा विकणाऱ्यालाही पाठ आहेत.

आता दुसरा शब्द आलाय, 'पुनर्विकास'. मुंबईकरांना तो नवा नाही. तिथे गेली तीस-पस्तीस वर्षं या शब्दावर निवडणुका होतात, भाऊ भावाशी बोलेनासा होतो आणि मुलींची स्थळंही ठरतात. नंदुरबारात तो हळूहळू पाय रोवतोय. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून बाकी महाराष्ट्रासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. जादा एफएसआय, प्रीमियम, टीडीआर ही भाषा तेव्हापासून नगरपरिषदेच्या गावांतही बोलली जाऊ लागली. आमच्या मोहल्ल्यात हल्ली जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर जे घोळके उभे राहतात, त्यांत नकाशाची गुंडाळी काखेत धरलेला एखादा इसम असतोच. तो सलाम करतो, खुशाली विचारतो आणि मग मुद्द्यावर येतो, 'चाचा, घर कोणाच्या नावावर आहे?'

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की, हा प्रश्न चुकीचा आहे. निदान पहिला प्रश्न म्हणून तरी चुकीचा आहे. कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्तीला हा प्रश्न विचारून सुरुवात केली की, पुढचं सगळं त्याच वळणाने जातं. कागदावरचा माणूस 'पात्र' होतो आणि कागदाबाहेरचा माणूस आपोआप 'अडथळा' ठरतो. दुसरी गोष्ट आपल्याला, म्हणजे मुसलमानांना, जास्त झोंबणारी आहे. या चुकीच्या प्रश्नाचा फायदा बिल्डर घेतो आणि सरकार घेतं, तसा आपल्या घरातले पुरुषही घेतात.

एका खोलीत किती माणसं मावतात?

मुंबईच्या कामगार वस्त्या कशा उभ्या राहिल्या ते आधी बघू. १९२०च्या सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७ इमारती. एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक.

१६० चौरस फुटांत एक कुटुंब राहील, असा हिशेब सरकारी कागदात असेल. प्रत्यक्षात गावाकडून आलेला भाऊ, मेहुणा, गाववाला, पाळीवर जाणारे आणि पाळीवरून येणारे, असे सगळे तिथे राहिले. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला पडायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. तिचं नाव ना गिरणीच्या मस्टरवर होतं, ना भाडेपावतीवर, पण तिच्यावाचून गिरणीचा भोंगा वाजून काही उपयोग नव्हता.

मदनपुऱ्याची गोष्टही अशीच. १८५७च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर तिथे येऊन राहिले. आधी हातमाग आणि नंतर गिरण्यांचं विणकाम खातं. या खात्यात दलित कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. म्हणजे गिरणगावाच्या एकजुटीची आठवण काढताना ही भिंतही आठवायला हवी. मी जुन्या वस्तीच्या प्रेमात पडून लिहीत नाहीये. चाळीत पाण्याची भांडणं होती, जातीची भिंत होती, बाईमाणसाला अंधारात संडासाला जायची भीती होती. ज्याने सामाईक संडासापुढे रांग लावलेली नाही, त्याने चाळीच्या 'संस्कृती'वर गहिवरून बोलू नये.

नंदुरबारचा मोहल्ला म्हणजे काही गिरणगाव नव्हे. पण गणित तेच आहे. पिंजारी, खाटीक, बागवान, मोमीन अशा बिरादऱ्यांची घरं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी. पुढच्या खोलीत दुकान किंवा शिलाई मशीन, मागे चूल, वर पत्र्याची माडी. बाप गेला, तीन भाऊ झाले, मध्ये पडदा लागला. मिरचीच्या हंगामात पथारीवर देठ खुडायला जाणाऱ्या बाया याच घरांतून निघतात, आणि सुरतेला कामाला गेलेला पोरगा ईदेला याच घरात येतो. उताऱ्यावर मात्र अजून आजोबाचंच नाव, आणि तेसुद्धा अर्धवट लिहिलेलं.

आता या घराला विचारा, कोणाच्या नावावर आहे?

कायद्याने काय दिलं, काय काढून घेतलं

मुंबईत हा प्रश्न इतका मोठा का झाला, त्याला एक इतिहास आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे गरीब माणूस शहराच्या मधोमध टिकला, हे खरं. पण मालकाने डागडुजी सोडून दिली, हेही तितकंच खरं. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली कायदा करून उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं. उपकरप्राप्त इमारतींचा आकडा तेव्हा १९,६४२ होता. त्याने भागलं नाही, म्हणून १९९१च्या नियमावलीत जादा एफएसआयचं आमिष आलं. जुन्या भाडेकरूला फुकट घर द्या आणि वरचे मजले बाजारभावाने विका. सुरुवातीला ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची. २०३४च्या विकास आराखड्यासोबत आलेल्या नियमावलीने ती ५१ टक्क्यांवर आणली.

१०० खोल्यांच्या चाळीत आता ५१ सह्या झाल्या की काम होतं. या सह्या कुणाच्या? ज्याच्या नावावर पावती आहे त्याच्या. खोलीत दहा माणसं राहत असोत की एक, सही एकच. पावतीवाला गावाला बंगला बांधून बसला असेल आणि खोलीत त्याच्या भावाचं कुटुंब राहत असेल, तरी सही पावतीवाल्याचीच. म्हणजे वस्तीचं भवितव्य वस्तीत राहणाऱ्यांच्या मताने ठरतंय असं दिसतं, पण मताधिकार माणसाला नसून पावतीला आहे.

इथे मला माझ्या जिल्ह्याची आठवण होते. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९चा. त्यात विस्थापितांसाठी जमिनीच्या बदल्यात जमीन होती, आणि एक फार महत्त्वाची तरतूद होती. खातेदाराचा प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायचा. सातबारा बापाच्या नावावर असला तरी घरात पुढची पिढी उभी आहे आणि तिलाही उद्या जगायचं आहे, एवढं त्या निवाड्याला कळत होतं. आणखी एक तत्त्व त्यात होतं. पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय गाव बुडवायचं नाही.

या निवाड्याची अंमलबजावणी कशी झाली, ते मला कुणी सांगायची गरज नाही. पाणी आधी आलं आणि जमीन नंतर, अशीही उदाहरणं आहेत. जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीला खातेदार मानायचं की अतिक्रमणदार, यावर वर्षं गेली. 'अघोषित' हा शब्द त्यातूनच जन्माला आला. आणि सज्ञान मुलगा मोजला, तशी मुलगी मोजली नाही, हा त्या निवाड्याचा मोठा दोष. तरीही बघा, १९७९ साली डोंगरातल्या आदिवासी कुटुंबासाठी कागदावर जे मान्य झालं, ते आज देशातल्या सर्वांत श्रीमंत शहरातल्या कामगार कुटुंबाला कागदावरसुद्धा मान्य नाही. तिथे एका पावतीला एक घर. तीन भाऊ असतील तर त्यांनी आपसात बघून घ्यावं. आणि आपसात बघून घेणं म्हणजे काय, हे मोठ्या भावाच्या हातात घराची चावी पाहिलेल्या कुठल्याही धाकट्या भावाला विचारा.

पात्र, अपात्र आणि वरच्या मजल्यावरचा

धारावीत हे वर्गीकरण आणखी बारीक झालं आहे. अदानी समूहाने नोव्हेंबर २०२२मध्ये ५,०६९ कोटींची बोली लावून प्रकल्प जिंकला. त्यातले नियम असे. १ जानेवारी २०००च्या आधीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत. २००० ते २०११ या काळातल्याला धारावीबाहेर, ३०० चौरस फूट, अडीच लाख रुपयांत. त्यानंतरच्याला आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेर, भाड्याने, हप्त्याहप्त्याने घर विकत घेण्याच्या अटीवर. बाहेरच्या घरांसाठी पूर्व उपनगरांतल्या मिठागरांच्या आणि देवनारच्या कचराभूमीच्या जागांचा विचार झाला.

वरचा मजला ही धारावीची सगळ्यात मोठी सोय होती. खाली चामड्याचं, शिलाईचं, भंगाराचं काम आणि वर शिडी चढून संसार. तळमजला ज्याचा त्याला घर आणि त्याच्या डोक्यावर वीस वर्षं राहिलेल्याला मिठागर, हा न्याय कोणत्या तराजूत तोलला? वस्ती उभी राहिली ती उभ्या शिड्यांवर. आता शिडीवरचा माणूस वजा करून वस्तीचा विकास करायचा आहे.

गिरणी कामगारांचं काय झालं, तेही विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या बंद पडल्यावर १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले. एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६मध्ये तो बदल मान्य केला. एका दुरुस्तीने मैदानं गेली आणि घरंही गेली. घरासाठी नाव नोंदवलेले कामगार आणि वारस सुमारे दीड लाख. त्यांना आता शेलू आणि वांगणीचा पत्ता दाखवला जातो. ज्यांनी लालबाग-परळ उभं केलं त्यांनी कर्जतच्या लोकलमध्ये उभं राहावं, असा याचा अर्थ आहे. जुलै २०२५मध्ये हे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात बसले ते याचसाठी.

मग इमारती पडू द्यायच्या का?

हा प्रश्न मला विचारला जाणार, हे ठाऊक आहे. उत्तर स्पष्ट आहे. नाही. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं मेली. ती इमारत धोकादायक ठरलेली होती, पुनर्विकासाच्या योजनेतही होती. तरी त्यात माणसं राहत होती. आपल्यातले काही जण प्रत्येक पुनर्विकासात 'आपल्याला हुसकावण्याचा डाव' बघतात आणि सहीला विरोध म्हणजे कौमची खिदमत समजतात. त्यांनी ती ३३ जनाजे डोळ्यांसमोर आणावेत. पडक्या भिंतीला धर्म नसतो. पावसाळ्यात ती कलमा म्हणणाऱ्यावरही पडते.

पुनर्विकास हवाच आहे. तो कसा होऊ शकतो, याचं बऱ्यापैकी उदाहरण बीडीडी चाळीच देतात. तिथे विकासक म्हणून म्हाडा आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, त्याच जागेवर आणि मालकी हक्काने. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. भूमिपूजन २०१७चं, म्हणजे आठ वर्षं लागली, आणि चाळीस मजली इमारतीची लिफ्ट, पाणी, देखभाल यांचा खर्च निवृत्त कामगाराला पुढे कसा झेपेल, हा प्रश्न उभा आहेच. पण घर तिथेच मिळालं. हे शक्य झालं कारण जमीन सरकारची होती आणि कामगार वस्तीने वर्षानुवर्षं आपली राजकीय ताकद लावून धरली. शिवडीच्या १२ चाळी मात्र मागे राहिल्या, कारण ती जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची. त्याच काळातल्या, तशाच खोल्या, तशीच माणसं. फरक फक्त जमीन कोणाच्या नावावर आहे याचा.

दुसरं उदाहरण खुद्द भेंडीबाजारचं. बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मुहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ साली सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास इमारती, तीन हजारांहून जास्त कुटुंबं आणि बाराशेवर दुकानं. समाजाने स्वतः पैसा उभा करून, बिल्डरला बाजूला ठेवून अख्खा मोहल्ला बांधायला घेतला. कमीत कमी ३५० चौरस फुटांचं घर आणि दुकानदाराला दुकान परत. मुसलमानांनी यातून शिकण्यासारखं बरंच आहे. दर रमजानला आपण जकातीची चर्चा करतो, वक्फच्या जमिनींवर छाती पिटतो, पण एखादी चाळ समाजाच्या पैशांतून उभी करायचा विचार आपल्या जमातींना शिवत नाही.

पण यातही एक मेख आहे. ट्रस्ट चांगला असेल तर घर चांगलं मिळतं. मग ते हक्काने मिळालं की मेहेरबानीने? ज्याचं ट्रस्टशी पटत नाही, जो वेगळ्या पंथाचा आहे, जो प्रश्न विचारतो, त्याला दाद मागायला जागा कोणती? धर्मगुरूंचा शब्द आणि भाडेकरूचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. आपल्या मोहल्ल्यात उद्या मशीद कमिटीचा अध्यक्ष आणि बिल्डरचा भागीदार एकच माणूस निघाला, तर काय करणार, याचा विचार आजच करून ठेवलेला बरा.

शेजार कुठे गेला?

पुनर्विकासाच्या हिशेबात एक गोष्ट कधीच धरली जात नाही, ती म्हणजे शेजार. मिश्र वस्तीत एकाच्या घरची शिरखुर्म्याची वाटी दुसऱ्याच्या घरी जाई आणि दिवाळीचा फराळ उलट येई, ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे. मी तिच्यावर भर देत नाही. माझा मुद्दा साधा आहे. चाळीत खोली मिळवताना शेजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. टॉवरमधल्या सोसायटीत ती अप्रत्यक्षपणे लागते. एप्रिल २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात निकाल दिला की, सहकारी सोसायटी आपल्या उपविधींनुसार सभासदत्व एका समाजापुरतं मर्यादित ठेवू शकते. तिथे प्रश्न पारशांचा होता. पण सभासद कोण असावा हे ठरवायला सोसायट्यांना त्यातून केवढं मैदान मिळालं, याचा अनुभव 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' ही पाटी वाचलेल्या प्रत्येक मुसलमानाला आणि दलिताला आहे.

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने मुंब्र्याला गेली. ती भीतीने गेली. आज पुनर्विकासानंतर जी जातात, ती गणिताने जातात. जुन्या घराच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट तीन भावांत वाटता येत नाही, म्हणून विकायचा आणि तीन ठिकाणी पांगायचं. जिथे घर देतात तिथेच घर घ्यायचं, म्हणजे पुन्हा आपल्याच लोकांत. दंगलीने जे केलं, ते काम आता वाटणीपत्र आणि मेंटेनन्सचं बिल करतात. कुणी दगड मारत नाही, कुणावर गुन्हा दाखल होत नाही आणि मोहल्ला रिकामा होतो.

आणि बहिणींचं काय?

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या भाईजानांनी आता जरा सावरून बसावं.

माझी एक फुफी मुंबईत नागपाड्याच्या बाजूला चाळीत राहायची. शोहर वारल्यावर ती दोन मुलींना घेऊन माहेरच्या खोलीत आली आणि तिथेच वीस-बावीस वर्षं राहिली. शिवणकाम करून तिने मुली मोठ्या केल्या, भावाचं दुखणं काढलं, भाडंही कित्येक महिने तिनेच भरलं. पावती भावाच्या नावाची. भाऊ गेला, पावती त्याच्या मुलाच्या नावावर झाली. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा एका संध्याकाळी घरात स्टँप पेपर आला. हक्कसोडपत्र. 'नुसती फॉर्म्यालिटी आहे,' असं सांगण्यात आलं. तिने सही केली. आज तिथे फ्लॅट उभा आहे, त्याची किंमत कोटीत आहे आणि फुफी नंदुरबारात माझ्या चुलत्याच्या घरी मागच्या खोलीत राहते. तिचं नाव कुठल्या बिल्डरने कापलं नाही. ते तिच्या भाच्याने कापलं.

कायदा तिच्या बाजूने उभा राहू शकला असता. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा म्हणतो की, भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरू शकते आणि एकमत नसेल तर कोर्ट ठरवेल. त्यात पुरुष-बाई असा भेद नाही. शरीयत तर तिच्या बाजूने होतीच. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा सांगितला आहे. निम्माच का, यावर आपल्याकडच्या सुधारकांनी केव्हाचाच प्रश्न उभा केला आहे, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पण आधी तो निम्मा तरी द्या! तलाकच्या, पोटगीच्या कायद्यावर सरकारने हात घातला की 'शरीयतमध्ये दखल' म्हणून रस्त्यावर येणारी आमची जमात, बहिणीचा शरई हिस्सा हक्कसोडपत्रावर खलास होतो तेव्हा चिडीचूप असते. तिथे कुठल्याच मौलवीसाहेबांना शरीयत धोक्यात दिसत नाही.

पूर्वी या अन्यायाची किंमत लहान होती. गोठलेल्या भाड्याची पडकी खोली, तिच्यात वाटा मागून बहिणीला मिळणार काय होतं? पुनर्विकासाने त्याच खोलीचा फ्लॅट केला, भाडेकरूचा मालक केला. म्हणजे जिथे वाटणीला काही नव्हतं तिथे अचानक इस्टेट निर्माण झाली, आणि ज्या क्षणी ती निर्माण झाली त्याच क्षणी निम्मं घर तिच्यातून वजा झालं. हे हिंदू घरांतही घडतं, तिथेही बहिणी 'साडी-चोळीवर' सह्या करतात. पण त्यामुळे आपला गुन्हा हलका होत नाही.

नंदुरबारात सही करण्याआधी

आमच्याकडे अजून वेळ आहे. इथे चाळीस मजले उभे राहणार नाहीत, पण सहा-सात मजल्यांचं अपार्टमेंट मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन ठेपलं आहे. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला महाराष्ट्रात अडीच लाखांचं अनुदान आहे, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. पण त्यासाठी जागा नावावर लागते. मोहल्ल्यातली कितीतरी घरं सामाईक उताऱ्यावर किंवा मेलेल्या माणसाच्या नावावर आहेत. तेव्हा वारसनोंदीचं काम बिल्डर यायच्या आधी व्हायला हवं, तो आल्यावर घाईघाईने नव्हे. याच योजनेत घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर हवं, अशी अट आहे. सरकारी कागदाला जे सुचलं, ते आपल्या वाटणीपत्राला का सुचू नये?

म्हणून मोहल्ल्यातल्या लोकांना, मशीद कमिट्यांना आणि नगरपरिषदेत बसणाऱ्या आपल्या नगरसेवकांना माझं सांगणं आहे. घर कोणाच्या नावावर आहे, हे विचारायच्या आधी घरात कोण-कोण राहतं, याची यादी करा. भाडेकरू, पोटभाडेकरू, माडीवरचा, ओट्यावर दुकान मांडणारा आणि माहेरी परतलेली बहीण, सगळ्यांची. ती यादी मोहल्ल्यात वाचून दाखवा. करारात तात्पुरत्या घराचा पत्ता आणि भाड्याची रक्कम लिहून घ्या, आणि डोक्यावर दुसरं छप्पर आल्याशिवाय पहिलं छप्पर उतरवू देऊ नका. आधी पुनर्वसन, मग बुडीत. हा धडा आमच्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे, तो शहरात आल्यावर विसरायचं कारण नाही. सज्ञान मुलांच्या वाढत्या कुटुंबांचा विचार करारात आलाच पाहिजे. आणि बहिणीची सही लागणार असेल, तर ती हक्कसोडपत्रावर घेऊ नका, वाटणीपत्रावर घ्या.

यातलं काहीच क्रांतिकारक नाही. यातलं बरंचसं १९७९च्या निवाड्यात आहे, काही १९९९च्या कायद्यात आहे आणि बाकीचं चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून झालं आहे. मुंबईने ते पाळलं नाही आणि मुंबईचे कामगार आज वांगणीच्या गाडीची वाट बघत उभे आहेत. नकाशाची गुंडाळी घेऊन येणारा इसम पुढच्या जुम्यालाही येईल. त्याने 'घर कोणाच्या नावावर आहे' असं विचारलं, तर त्याला बसवा, चहा पाजा आणि सांगा की, आधी घरातली माणसं मोजू. सगळी. बायका धरून.